योमारच्या मरणाची दवंडी

आमच्या गावात कुणी गेलं, की आधी घरच्यांना कळतं, मग मला, आणि लगेच सगळ्या गावाला. हे मी मिरवायला सांगत नाही, माझा धंदाच तो आहे. माझ्याकडे एक जुनी निळी पिकअप आहे, तिच्या टपावर चार भोंगे आहेत, आणि त्या भोंग्यांतून आरोयोभर, म्हणजे आमच्या गावभर, दवंडी जाते. सुपरमार्केटात आज कोंबडी स्वस्त, शाळेच्या मैदानावर कुत्र्यांना इंजेक्शन, कोण वारलं, प्रेत कुठे ठेवलंय, दफन किती वाजता. फोनवर आलेल्या बातमीला आमचे लोक हसतात. भोंग्यातून आलेली बातमी ऐकली की बायका आधी कॉफीचं आधण ठेवतात आणि मग विचारतात, कसं झालं हो.

ही गाडी माझ्या नवऱ्याची. कोन्फेसोर त्याचं नाव. त्याचं एकच तत्त्व होतं. पुढाऱ्यांचं खोटं भाड्याने वाजवायचं, कारण ते खोटं आहे हे सगळ्यांना माहीतच असतं. पण मेलेल्या माणसाच्या बाबतीत एक अक्षर चुकायचं नाही. तो गेला त्या दिवशी त्याची दवंडी मी स्वतः दिली आणि पुढेही देत राहिले. लोकांनी काही महिने सहन केलं. माझा आवाज म्हणजे पत्रा कापावा तसा. शेवटी बेकरीवाला तेओफिलो मला म्हणाला, "आविल्दा, राग मानू नकोस, पण तुझ्या तोंडून ऐकलं की मेलेल्यापेक्षा जिवंतांचीच जास्त कीव येते."

मी राग मानला, आठवडाभर त्याच्याकडून पाव घेतला नाही, आणि मग धाकट्या बहिणीच्या मुलाला कामाला लावलं. अब्दिएल. वय एकोणीस, अंगाने काडी, पण आवाज असा की रिकाम्या विहिरीतून कुणी शांतपणे बोलतंय. तो माझ्या परसातल्या खोलीत दवंड्या रेकॉर्ड करायचा, पेनड्राइव्हवर टाकायचा, मी गाडीत लावून फिरायचे. त्याच्या आवाजात मेलेला खाटीकसुद्धा संत वाटायचा.

पण त्या पोराला दवंडी द्यायची नव्हती, ट्रॅप गायचं होतं. आता हे गाणं मला आवडतं असं मी म्हणणार नाही. खाली छातीत धडधडणारा ढोल, आणि वर पोरगं अर्धवट झोपेत बडबडल्यासारखं. गाण्यात त्याचं नाव अब्दी दियामांते, म्हणजे हिरा. कानात काचेचा खडा, आणि गाण्यात मायामीतला बंगला, दोन पिस्तुलं, तीन बायका. मी एकदा विचारलं, "अरे, शेजारची कोंबडी अंगावर आली तर तू चपला हातात घेऊन पळतोस. तुझ्याकडे पिस्तूल कुठून आलं?"

"मावशी, असंच लिहितात."

"कोण लिहितात?"

"सगळे."

"मग सगळ्यांचं ऐकलेलं असताना तुझं कोण ऐकणार?"

यावर तो पाय आपटत खोलीत गेला. तरी गाणं तयार झालं की ते आधी माझ्या गाडीवरच वाजवून बघायचा. त्याचं म्हणणं, या भोंग्यांवर जे बरं वाजेल ते जगात कुठेही बरं वाजेल. अडचण एवढीच, की कोन्फेसोरच्या काळातला अँप्लिफायर त्याचा ढोल सुरू झाला की मान टाकायचा. लाल दिवा लागायचा आणि सगळं गप्प. बटण दाबून पुन्हा सुरू करावं लागायचं. मला ते यंत्र मोठं शहाणं वाटायचं.

त्या वर्षीच्या जुलैत या पोराचं काय ते ठरणार होतं. त्याचे वडील समुद्रापलीकडे ओरलँडोला गोदामात कामाला आहेत, आणि त्यांनी तिथेच त्याची जागा बघून ठेवली होती. आमच्याकडची निम्मी पोरं अशीच गेली. जाताना म्हणतात दोन वर्षं, मग तिथेच त्यांची पोरं शाळेत जातात आणि इथे घरावर पानं साचतात. माझी बहीण नेरेईदा मात्र मनाने वाईट नाही. तिने लेकाला एक संधी दिली. कार्मेन मातेच्या उत्सवात, शनिवारी संध्याकाळी, चौकातल्या मंचावर त्याला पंधरा मिनिटं मिळाली होती. ती म्हणाली, "गावाला ठरवू दे. तू गाताना लोक उठून भजी खायला गेले, तर ऑगस्टात तू विमानात. थांबले, तर मी गप्प बसेन."

नेरेईदा गप्प बसणार, हीच मुळात मोठी गोष्ट होती. आणि मी उघड सांगते, तो जाऊ नये असं मला फार वाटत होतं. आवाजासाठी वाटत होतं, धंद्यासाठी वाटत होतं, आणि सकाळी परसातून त्याची खुडबुड ऐकू आली नाही तर माझं घर घर राहणार नव्हतं, म्हणूनही वाटत होतं.

त्याच मंचावर आणखी एकाला वेळ मिळाला होता. योमार रेन्तास, किनाऱ्याकडच्या वस्तीतला, गाण्यातलं नाव फिनो. हे दोघे शाळेत एका बाकावर बसायचे. मग दोघेही गाऊ लागले आणि दोघांचंही डोकं फिरलं. या गाण्यांत एकमेकांना गाण्यातून शिव्या घालायची रीतच आहे, तिरादेरा म्हणतात तिला. जो झोंबेल असं बोलेल तो जिंकला. योमारने आधी एक गाणं काढलं, त्यात अब्दिएलला 'मेलेल्यांचा पोपट' म्हटलं. गाव हसलं. अब्दिएल तीन दिवस खोलीत कोंडून घेऊन बसला, आणि बाहेर आला तो डोळे चमकवत. मी विचारलं काय केलंस. तर म्हणे, "शनिवारी ऐकशील."

ते मी बुधवारीच ऐकलं.

बुधवारी सकाळी मी सुपरमार्केटची दवंडी घेऊन निघाले होते. चौकात गाडी लावली, दवंडी चालू ठेवली, आणि तेओफिलोच्या बेकरीत कॉफी प्यायला शिरले. रोजचं आहे. दवंडी संपली की तीच पुन्हा लागते. त्या दिवशी ती संपली आणि ऑर्गन सुरू झाला. मरणाच्या दवंडीआधी आम्ही ऑर्गन वाजवतो. बेकरीतल्या सगळ्यांनी पेले खाली ठेवले. मीही टोपी काढली. वाटलं, सकाळीच कुणाचा निरोप आला असेल आणि अब्दिएलने नवी दवंडी टाकली असेल.

"अत्यंत दुःखाने कळवण्यात येतं," अब्दिएलचा आवाज चौकात घुमला, "की आपल्या गावचा योमार रेन्तास, ज्याला आपण सगळे फिनो म्हणून ओळखत होतो, आज सकाळी आपल्याला सोडून गेला. त्याच्या मागे त्याची आजी, दोन्या प्रोवी. ईश्वर तिला बळ देवो."

मग शांतता. मी बाहेर आले तर अँप्लिफायरचा लाल दिवा लागलेला. उन्हाने तापला असेल म्हणून मी बटण दाबलं, सुपरमार्केटची दवंडी पुन्हा लावली, पण ती जेमतेम एकदा वाजू दिली. एवढ्या तरण्या मुलाच्या मरणामागून डुकराच्या चॉप्सचा भाव सांगायला माझं मन होईना.

तासाभरात दोन्या प्रोवीच्या अंगणात मांडव पडला होता. आमच्याकडे याला कुणी सांगावं लागत नाही. चर्चमधून खुर्च्या आल्या, कुणी बिस्किटं आणि चीज आणलं, शेजारची लुसेनिया हिरव्या तुरीच्या भाताचा टोप घेऊन आली. तो कसा गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापलं सांगितलं. एक म्हणाला मोटरसायकल. दुसरा म्हणाला हृदय, आजकालची पोरं ते ताकदीचं डबाबंद पाणी पितात ना. सुतावरून स्वर्ग गाठणं आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. योमारला फोन लावायचं कुणाच्या मनात आलं नाही असं नाही, दोघांनी लावला. तो बंद होता. तो शेजारच्या ग्वायामा गावातल्या औषधांच्या कारखान्यात कामाला, आणि तिथे पाळी सुरू होताना फोन कुलपात ठेवावे लागतात. पण बंद फोन ऐकून लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मान हलवली.

मीही गेले. किलोभर कॉफी घेऊन गेले, दोन्या प्रोवीचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "तुझ्या दुःखात मी आहे गं." म्हातारी ऐंशीच्या पुढची. योमारला तिने तान्हा असल्यापासून वाढवलं. ती रडत नव्हती. त्याची टोपी मांडीवर घेऊन बसली होती आणि टोपीचा एक निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होती. मला म्हणाली, "आविल्दा, शब्द छान होते. अब्दिएलला सांग."

त्याच वेळी अब्दिएल फाटकातून धावत आला. चेहरा पांढराफटक. त्याने मला दंडाला धरून परसातल्या नीरफणसाखाली ओढलं.

"मावशी, तो मेलेला नाही."

"कोण?"

"योमार. ते गाणं आहे. माझं. ऑर्गननंतर ढोल येतो, आणि मग मी म्हणतो की तो माझं गाणं ऐकून लाजेने मेला."

"ढोल कुठे आला?"

"तिथेच तर अँप बंद पडला असणार."

"आणि ते त्या पेनड्राइव्हवर काय करत होतं?"

"काल रात्री तू झोपल्यावर अगदी हळू वाजवून बघितलं. काढायचं राहिलं."

"आणि म्हातारीचं नाव कशाला घातलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "त्याशिवाय खरं वाटलं नसतं."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हेच. मला त्याला तिथेच बडवायचं होतं. पण आत रोझरीची प्रार्थना सुरू व्हायची वेळ झाली होती. मी म्हणाले, "जा. तूच सांग. मी तुझ्या मागे उभी राहते."

तो गेला. तेवढं श्रेय मी त्याला देते. दोन्या प्रोवीसमोर गुडघ्यावर बसला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजी, योमार जिवंत आहे. ते खोटं होतं. मी बनवलेलं."

म्हातारीने त्याच्या केसांवर हात ठेवला. "बाळा, भोंग्याने सांगितलंय."

"आजी, भोंग्यात मीच बोलतो."

"मला ठाऊक आहे. माझा नवरा गेला तेव्हाही हॉस्पिटलच्या आधी मला भोंग्यानेच सांगितलं होतं. तो खोटं बोलत नाही." मग ती लुसेनियाला म्हणाली, "याला कॉफी दे गं. एका बाकावर बसायचे दोघं. याला सहन होईना झालंय."

आणि अब्दिएलच्या हातात कुणीतरी कॉफी दिली. बिस्किटही दिलं. आपल्या तोंडाने खरं सांगूनही पोराला कुणी मानेना, उलट बायका त्याची पाठ थोपटू लागल्या. त्याचा चेहरा मी बघू शकत नव्हते.

किती वेळ गेला कोण जाणे. फाटकाशी मोटरसायकल थांबली, थांबली म्हणजे आडवीच पडली. पाळी संपवून योमार घरी आला होता. त्याने मांडव बघितला, खुर्च्या बघितल्या, दारात माझी निळी गाडी बघितली. या गावात वाढलेल्या पोराला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. घरात तो आणि आजी, दोघंच. तो "आजी" म्हणत लहान मुलासारखा आत धावला. लुसेनियाच्या हातातला कपांचा ट्रे खाली गेला, एक म्हातारा उभ्या उभ्या छातीवर क्रॉसची खूण करू लागला, आणि योमारला वाटेतले लोक आपल्याकडे असे का बघतायत हेसुद्धा दिसलं नाही. आजी खुर्चीत बसलेली दिसली तसा तो तिच्या पायाशी कोसळला. रडत रडत म्हणत होता, "मला वाटलं तू गेलीस. मला वाटलं तू गेलीस."

दोन्या प्रोवीने त्याचा चेहरा चाचपला. मग त्याचा कान धरला आणि असा पिळला की तो ओरडला.

"दुखलं?" तिने विचारलं.

"हो."

"मेलेल्याला दुखत नाही," ती म्हणाली, आणि मग कुठे तिला रडू फुटलं. अख्खा मांडव रडला. मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

पुढचं सांगायला फारसं नाही. योमारला सगळं कळलं, त्याने अब्दिएलला अंगणातच एक ठोसा लगावला, आणि अब्दिएलने हातही वर केला नाही. संध्याकाळपर्यंत उत्सवाच्या मंचाचं बघणाऱ्या इराईदाबाईंनी यादीतून त्याचं नाव काढलं. "कुणाच्या आजीला रडवणाऱ्याला कार्मेन मातेसमोर मी उभं करणार नाही," म्हणाल्या. मलाही ते पटलं, काय बोलणार. नेरेईदाने सुटकेस काढून झटकली. आणि माझं म्हणाल, तर गुरुवारी सकाळी मी कोंबडीची दवंडी दिली तेव्हा एका बाईने खिडकीतून विचारलं, "खरंच स्वस्त आहे, की तेही गाणंच?" कोन्फेसोरने हयातभर जपलेला शब्द एका सकाळीत मातीला मिळाला होता.

त्याच दुपारी दोन्या प्रोवी माझ्या दारात उभी. चर्चला घालते तो निळा झगा, आणि मागे तोंड पाडून योमार.

"अजून लोक येतायत," ती म्हणाली. "सकाळी डोंगरातून माझा चुलतभाऊ फुलांचं चक्र घेऊन आला. यानेच दार उघडलं. म्हातारा पायरीवरच बसला, उठवेना. हे निस्तरा."

"मी आत्ता दवंडी रेकॉर्ड करतो," अब्दिएल म्हणाला.

"त्या पेनड्राइव्हच्या काडीतून नाही. तोंडाने. जिथे जिथे ते ऐकू गेलं त्या प्रत्येक गल्लीत. आणि हा टपावर बसेल. डोळ्यांनी दिसल्याशिवाय आता कुणी मानणार नाही."

"आजी, मी काय भोंगा आहे टपावर बसायला?" योमार म्हणाला.

"काल प्रेत होतास, तेव्हा तक्रार केली नाहीस. चढ."

तो चढला. भोंग्यांच्या मधे प्लास्टिकची खुर्ची दोरीने बांधली, तिच्यावर योमार, हाताची घडी घालून. आत मी गाडी चालवतेय, शेजारी माइक धरून अब्दिएल. चौकामागच्या पहिल्या गल्लीत त्याने आपल्या दवंडीच्या आवाजात सुरुवात केली, "नम्रपणे कळवण्यात येतं, की..."

एक खिडकी धाडकन बंद झाली. अंगणातून एक गृहस्थ म्हणाले, "कालही याच आवाजात बोललास."

अब्दिएल थांबला. माइक खाली घेतला. तो आवाजच त्याच्याकडे होता, आणि तोच आता चालेना. दुसऱ्या गल्लीत आम्ही नुसते मुक्याने गेलो. तिसऱ्या गल्लीत वर बसलेला योमार वैतागला. तो पत्र्यावर टाचा आपटू लागला, धप धप, धप धप, बोल की आता म्हणून.

आणि अब्दिएल बोलला. विहिरीतल्या आवाजात नाही, झोपेतल्याही नाही. परसात माझ्याशी भांडताना बोलतो, तसा.

"दारं उघडा, खिडकीत या, माझ्यावर नका ठेवू भरवसा,
मेला म्हणालो तो टपावर बसलाय, बघा दिसतो कसा.
लुसेनियाबाई, घेऊन जा तुमचा भाताचा टोप,
मेलेला दोनदा वाढून जेवला, आता येतेय त्याला झोप."

अंगणात कुणीतरी फिस्सकन हसलं. वर टाचा थांबल्या होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या. आता वैतागाने नाही, ठेक्यात.

खुर्च्या कुठून आल्या, बिस्किटं कुणी आणली, कुणी काय कारण सांगितलं, डबाबंद पाण्यापासून मोटरसायकलपर्यंत, तो एकेकाचं नाव घेऊन सांगत सुटला. लोक दारात आले. ज्यांचं नाव आलं ते तोंड लपवत होते, ज्यांचं आलं नाही ते गाडीमागे चालू लागले. एवढ्यात वरून योमार ओरडला. त्याला माइक लागत नाही, घसा तसा आहे.

"मला मारून हा मोठा होणार, मावशीच्या गाडीत बसून,
कोंबडी दिसली तरी हा पळतो, चपला हातात धरून."

गल्ली फुटली हसून. आणि मग जुंपली. हा खालून, तो वरून. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती, आणि खरं सांगते, स्टिअरिंगवर माझीही बोटं वाजत होती. बायका टोपांची झाकणं घेऊन बाहेर आल्या. अँप्लिफायर एकदाही बंद पडला नाही, कारण ढोल नव्हताच, नुसते शब्द होते. या पोराचे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकले.

शेवटची गल्ली दोन्या प्रोवीची. ती फाटकाशी उभी होती. अब्दिएल गाडीतून उतरला, माइकची तार ओढत तिच्यासमोर गेला. टाचा थांबल्या. त्याने हळू म्हटलं,

"मी गाण्यात हिरे मोजले, कानातली काचही नाही माझी,
आणि टोपीचा दोरा बोटाला गुंडाळत बसली होती आजी.
आवाज दिलाय देवाने, तो मी खोट्याला भाड्याने दिला,
आजी, एक दिवस तुझा घेतला मी, कसा परत देऊ तुला?"

कुणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत. दोन्या प्रोवी म्हणाली, "आत या दोघं. भात उरलाय."

कुणीतरी हे सगळं फोनवर घेतलं होतं. शुक्रवारी सकाळी ते ग्वायामाला पोचलं, दुपारी राजधानीत, सान हुआनला, आणि संध्याकाळी ओरलँडोहून अब्दिएलच्या वडिलांचा फोन, की गोदामात सगळे तुझं गाणं म्हणतायत, तो टपावरचा कोण. इराईदाबाई दोन्या प्रोवीकडे गेल्या आणि विचारून आल्या. म्हातारीची हरकत नव्हती. दोघांना मिळून एकच पंधरा मिनिटं मिळाली.

शनिवारी मंचावर जायच्या आधी अब्दिएल आवाजवाल्याकडे गेला आणि ढोल कमी कर म्हणाला. या पोराने ढोल कमी करायला सांगितलं. मग दोघांनी सुरुवात केली, आणि चौकातल्या लोकांना शब्द पाठ होते. आपलं नाव आलं की लुसेनिया हात वर करत होती, जणू शाळेत हजेरी चाललीय. पंधरा मिनिटं संपली तरी कुणी त्यांना उतरू देईना. मी नेरेईदाला शोधलं. ती भज्यांच्या गाडीजवळ उभी होती. गाडीवर गिऱ्हाईक नव्हतं, भजीवालीसुद्धा मंचाकडे तोंड करून उभी होती. नेरेईदाचे डोळे ओले होते, पण माझी बहीण आहे ती, एवढ्याने हरत नाही.

मंचामागे ती लेकाला म्हणाली, "थांबले लोक. बघितलं मी. पण उत्सव वर्षातून एकदा येतो. बाकीचं वर्ष काय खाणार? गोदामातली जागा पुन्हा मिळेल का?"

प्रश्न खोटा नव्हता.

उत्तर दोन्या प्रोवीने दिलं. ती खुर्चीत बसली होती, योमारने तिच्यासाठी आणलेली. तिने अब्दिएलला जवळ बोलावलं.

"परवा तू विचारलंस, माझा दिवस कसा परत देणार. सांगते. मी ज्या दिवशी जाईन, त्या दिवशी माझी दवंडी तू द्यायची. काडीतून नाही. गाडीत बसून, तोंडाने, सगळ्या गल्ल्यांतून. आणि नुसतं ती गेली म्हणायचं नाही. माझ्याकडे कोण जेवलं, कुणाला मी शिव्या दिल्या, नावं घेऊन सांगायचं, परवा सांगितलंस तसं. एकाचंही राहता कामा नये." मग ती नेरेईदाकडे वळली. "आता मला सांग, हे ओरलँडोहून कसं करणार तो?"

नेरेईदाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "तिकीट काढलंय मी," एवढंच म्हणाली.

"मग तू जा," म्हातारी म्हणाली. "नवऱ्याला भेटून ये. किती दिवस झाले."

नेरेईदा गेली, आणि महिन्याने परत आली, जरा गुटगुटीत होऊन. अब्दिएल राहिला. काचेचा खडा त्याने स्वतःच काढला, आणि लोकांनी त्याला बोसीना म्हणायला सुरुवात केली, म्हणजे भोंगा. सान हुआनच्या एका स्टुडिओवाल्याने बोलावलं, पुढच्या नाताळात आमच्या या बेटावरच्या प्रत्येक गाडीतून त्याचा आवाज येऊ लागला, आणि आता तर त्याला मेदेयीन, सान्तियागो, माद्रिद असे दौरे असतात. योमार कधी बरोबर जातो, कधी कारखान्याची पाळी करतो. मरणाच्या दवंड्या अब्दिएल अजून माझ्यासाठी देतो, आणि गावात असला की माइक घेऊन गाडीत बसून देतो. कधी कधी लोक त्याला दाद देतात, मग मला खिडकीतून डोकं काढून सांगावं लागतं की बाबांनो, माणूस गेलंय.

दोन्या प्रोवी अजून आहे. प्रत्येक दौऱ्याआधी तो तिच्याकडे जातो, पिशवी पाठीवर, खाली गाडी उभी, आणि पायरीवर बसून विचारतो, "आजी, जाऊ का?"

म्हातारी दोन बोटं मनगटावर ठेवते, डोळे मिटते, बराच वेळ नाडी बघते. मग म्हणते, "जा. या आठवड्यात माझा काही विचार नाही."